काटा लागून

४ मार्च

प्रिय काका,

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, कामासाठीच लिहितेय. फोन केला असता, पण मागच्या वेळी मी गुडघा कसा आहे विचारलं आणि तुम्ही "हो, बुधवारीच येतो तो" असं उत्तर दिलंत. बुधवारी कोण येतो ते मला अजून कळलेलं नाही. त्यापेक्षा पत्र बरं.

आधी बातमी. ढब्बूला भावंड येतंय. दुसरा महिना संपत आला. हे ऐकून तुमच्या जावयांनी पहिलं काय केलं असेल, तर माळ्यावरचा पाळणा खाली काढून त्याचे स्क्रू शोधले. दोन मिळत नाहीत. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

आता काम. दवाखान्यातून चार पानांचा फॉर्म दिलाय. घराण्यात कुणाला काय झालं होतं ते सगळं लिहायचं. बाबांच्या रकान्यात मी लिहिलं, हाडाचा कॅन्सर, वय छत्तीस. खाली लिहिलं, एक डोळा लहानपणी काटा लागून गेला. पुढे विचारलंय, डावा की उजवा? काका, मला आठवेना. अकरा वर्षं त्या माणसाच्या मांडीवर बसले, झोपताना तो काचेचा डोळा काढून वाटीत ठेवायचे तो हातात घेऊन खेळले, आणि आता डावा की उजवा सांगता येत नाही. फोटोत बघावं तर सगळीकडे मान वळवून उभे. आई असती तर तिनं झोपेतसुद्धा सांगितलं असतं. आता तुम्हीच सांगा.

सोबत ढब्बूचा फोटो आहे. दीड वर्षाचा झाला. उजवा डोळा बघा कसा मांजरासारखा चमकलाय. कॅमेऱ्याची गंमत. तुमचे जावई त्याला बोका म्हणायला लागलेत.

तुमची,
टिटवी

१५ मार्च

टिटवे,

तुला आणि येणाऱ्याला पोटभर आशीर्वाद. पाळण्याचे स्क्रू माझ्याकडे निघाले. मागच्या खेपेला मीच तो जोडला होता, कोटाच्या खिशात राहिले. पाकिटात घालतोय. जावयांना म्हणावं, आता बायकोशी बोला.

बुधवारी येतो तो गुडघ्याला तेल चोळणारा. म्हणजे माझं उत्तर बरोबरच होतं. कान गेले, डोकं शाबूत आहे.

तशी एक गोष्ट अजून ऐकू येते. रोज साडेअकराला रिंगणाची घंटा, आमच्या जुन्या नोकरीवरची. रिंगण बंद होऊन एकोणीस वर्षं झाली. घंटा भंगारात गेली, गाडीत चढवायला मीच हात लावला होता. तरी वाजते. कानाचे डॉक्टर म्हणाले, बहिऱ्यांना होतं असं. म्हटलं, होऊ दे. शेजारी आता कुणी राहत नाही, तेवढीच सोबत.

डोळा डावा.

फोटो बघितला. उजेड कुठून येत होता? दिवा समोर होता का? आणखी एखादा फोटो असेल तर तुझी तूच बघ, आणि त्यातही तसंच दिसलं तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आण. सहजच. घाबरण्यासारखं काही नाही. लहान मुलांचे डोळे दाखवलेले बरे असतात.

काका

२ एप्रिल

प्रिय काका,

स्क्रू पोचले. घरात शांतता आहे.

"सहजच" म्हणून तुम्ही आयुष्यात काही केलं आहे का हो? मी शाळेत असताना तुम्ही सहजच माझी सायकल तपासायचात आणि दोन्ही ब्रेक बदलून द्यायचात. कान गेले तसे आता लोकांच्या डोळ्यांच्या मागे लागलायत असं दिसतंय. ढब्बू ठणठणीत आहे. जमिनीवर सांडलेला साखरेचा एकेक दाणा वेचून खातो, त्याला काय दिसत नाही? फोटो सगळे त्याच कॅमेऱ्याचे, सगळ्यांत थोडंफार चमकतंच.

मला सकाळच्या उलट्या इतक्या आहेत की ऑफिसला जाणं हेच मोठं काम झालंय. तब्येत जरा सावरली की दाखवीन. तुमचा शब्द मोडला असं नको व्हायला.

टिटवी

११ मे

टिटवे,

डोळे दाखवलेस का? सहजच विचारतो.

काका

९ ऑगस्ट

काका,

ढब्बूचा उजवा डोळा गेल्या मंगळवारी काढला.

जुलैत तो तिरळा बघायला लागला तेव्हा नेलं. डॉक्टरबाईंनी डोळ्यात थेंब घातले, आत बघितलं आणि तुमच्या जावयांना खुर्ची दिली. मला आधीच दिलेली होती. डोळ्याच्या पडद्यावर गाठ होती. जो चमकत होता तो कॅमेरा नव्हता, गाठच होती. चार महिने आधी आला असतात तर बहुतेक डोळा राखता आला असता, असं त्या म्हणाल्या. त्यांनी रागानं नाही सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं.

आता बैल गेला नि झोपा केला म्हणतात तसं आम्ही सगळं करतोय. त्याचं रक्त तपासायला पाठवलंय, माझंही. उत्तराला सहा-सात आठवडे लागतील. हा आजार कधी नुसता त्या एका मुलाचा असतो, कधी घराण्यातून येतो. घराण्यातला असेल तर पोटातल्या बाळालाही तो असण्याची शक्यता निम्मी. मग जन्मल्यापासून दर काही दिवसांनी डोळे तपासायचे. वेळेत सापडलं तर डोळा वाचतो.

डॉक्टरबाईंनी माझा मार्चमधला फॉर्म मागवून घेतला. वडिलांच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "काटा कुठे लागला, कुणी बघितला?" मी म्हटलं, माहीत नाही. तर म्हणाल्या, घरात कुणी जुनं माणूस असेल तर विचारा, ते रक्ताच्या आधी सांगेल.

जुनं माणूस एकच उरलंय. काका, तुम्ही मार्चमध्ये मला डॉक्टरकडे जा का म्हणालात?

ढब्बू पट्टी ओढतो. बाकी हसतो, खेळतो. मलाच काही करता येत नाही.

टिटवी

२० ऑगस्ट

टिटवे,

तुझं पत्र आलं त्याला सात दिवस झाले. रोज लिहायला बसलो आणि रोज उठलो.

तुझ्या मुलाचा डोळा माझ्यामुळे गेला. कसा ते आता सांगतो. एकतीस वर्षं हे कुणाला सांगितलेलं नाही.

रिंगण तू लहानपणी कुंपणाबाहेरून बघितलं आहेस. गोल शेत. मधोमध जमिनीतून लोखंडी दांडा वर यायचा, त्याच्या टोकाला किरणांचा गोळा. भोवती गोल गोल ओळींत रोपं. पहिल्या रिंगणातली जळून जायची, शेवटच्यातली नेहमीसारखी उगवायची, आणि मधल्या रिंगणांतून कधी बुटकं, कधी दोन रंगांचं, कधी वेळेआधी पिकणारं असं काहीतरी निघायचं. हजारात एखादं कामाचं. बाकीची उपटून टाकायची. शेजारी बी भिजवायची खोली होती. तिथे किरणांऐवजी रसायनाच्या पाण्यात बी बुडवून ठेवायचे, हातात रबरी मोजे घालून.

आमच्या मोठ्या बाई शिकलेल्या, पण आम्हां गड्यांनाही फळ्यावर काढून दाखवायच्या. प्रत्येक पेशीत एक लांबच लांब मजकूर असतो म्हणायच्या. किरण गेला की दोरा तुटावा तसा तो मजकूर मधेच तुटतो आणि जोडताना वेडावाकडा जोडला जातो. रसायन एखाद्या अक्षराला चिकटतं, मग ते अक्षर भलतंच वाचलं जातं. मी तेव्हा सिगरेट ओढायचो, तर म्हणायच्या, तुमच्या छातीत भिजवायची खोलीच आहे की. आणि एक वाक्य त्या नेहमी बोलायच्या, "चूक एकदाच होते. पुढे सगळे ती बरोबर उतरवतात."

सकाळी नऊ ते साडेअकरा दांडा जमिनीत असायचा. तेवढ्यात आत जाऊन पाणी, खुरपणी उरकायची. मी फाटकावर होतो. फाटकाशी फळी, फळीवर प्रत्येकाचा पितळी बिल्ला. आत जाताना बिल्ला घेऊन जायचा, बाहेर आलं की टांगायचा. साडेअकराला फळी भरलेली बघून मी घंटा द्यायची, मग दांडा वर. तुझा बाप त्या दिवशी वेळेवर बाहेर आला, बिल्ला टांगला, आणि मग त्याला आठवलं की खुरपं आत राहिलं. म्हणाला, दादा, दोन मिनिटांत येतो. मी म्हटलं, पळ. बिल्ला फळीवरच होता. आणि पुढच्या माणसाशी बोलता बोलता मी फळी बघितली. भरलेली होती. घंटा दिली.

पंप चालू होता, त्याला घंटा ऐकू गेली नाही. सात मिनिटं तो तिसऱ्या रिंगणात वाकून खुरपं शोधत होता. मला दिसला तेव्हा मी दांडा खाली घेतला. तो हसत बाहेर आला. वहीत मी लिहिलं, सर्व बिल्ले हजर. सांगितलं असतं तर दोघांचीही नोकरी जाती.

नऊ वर्षांनी त्याच्या मांडीच्या हाडात निघालं. तो गेला. मला वाटलं होतं, जे व्हायचं ते झालं, माझं माझ्याबरोबर जाईल. पण त्याच्या रक्तात जी चूक झाली ती तुझ्यात उतरली आणि तुझ्यातून पोरात. फोटो बघून मला तीच भीती वाटली. म्हणून दाखव म्हणालो.

रोज साडेअकराला मी घरात उभा राहतो, टिटवे. घंटा वाजली की तो कुंपणापलीकडे वाकलेला दिसतो. हाक मारतो, पण मला माझीच हाक ऐकू येत नाही.

काका

२७ ऑगस्ट

काका,

पत्र तीनदा वाचलं. बिल्ल्याचं वाचून मला तुमचा राग यायला हवा होता, आला नाही. बाबा तसेच होते. घरातून निघाले की कायम काहीतरी विसरून परत यायचे.

पण आता नीट वाचा. मी हे डॉक्टरबाईंसमोर बसून कागदावर मांडलंय.

एकतीस वर्षांपूर्वी मी दीड वर्षाची होते. रिंगणाच्या दिवशी माझा जन्म होऊन गेला होता. बाबांच्या अंगातलं जे काही माझ्यात यायचं ते त्याआधीच आलेलं होतं. त्या सात मिनिटांनी बाबांचं काहीही झालं असलं तरी ते माझ्यात येऊ शकत नाही, आणि माझ्यातून ढब्बूतही नाही. तुमच्या मोठ्या बाईंना विचारलं असतंत तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. तुम्ही त्यांना कधी विचारलं नाहीत, कारण विचारलं असतंत तर सांगावं लागलं असतं.

दुसरं. तुम्ही म्हणता, फोटो बघून भीती वाटली. किरणांची भीती होती तर पोराचं रक्त तपास म्हणाला असतात, हाडं बघ म्हणाला असतात. तुम्ही उजेड कुठून येत होता ते विचारलंत. चमकणाऱ्या डोळ्यात उजेडाचा काय संबंध असतो हे मला डॉक्टरबाईंनी जुलैत समजावलं. तुम्हाला ते मार्चमध्ये कुठून माहीत होतं?

तिसरं. पाच पानी पत्रात काट्याचा एक शब्द नाही.

तुम्ही मला लहानपणी कधी रागावला नाहीत, मी तुम्हाला आज रागावतेय. नववा महिना लागेल आता. पोटातलं बाळ लाथा मारतंय. त्याच्या डोळ्यांसाठी विचारतेय. काटा कुठे लागला? कुणी बघितला?

टिटवी

४ सप्टेंबर

टिटवे,

काटा नव्हता.

मी नऊ-दहा वर्षांचा, तो अडीचचा. संध्याकाळी दिवा लावला की त्याचा डावा डोळा आतून पांढरा चमकायचा. आईला आधी कौतुक वाटलं, मग भीती. दूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आईला सांगितलं, डोळ्यात गाठ आहे, डोळा ठेवला तर पोर जाईल. काढला. मी बाकावर बसून सगळं ऐकलं. तेव्हा माझे कान फार चांगले होते.

परत येताना आईनं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "कुणी विचारलं तर सांगायचं, काटा लागला." म्हटलं, का? तर म्हणाली, गाठ म्हटलं की लोक रक्ताला नाव ठेवतात, काट्याला कुणी नाव ठेवत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे ती मरेपर्यंत म्हणत राहिली. मी तिच्या गळ्याची शपथ घेतली.

शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी लिहिलं, काटा लागून. तुझ्या आईकडचे लग्न ठरवायला आले तेव्हा मीच पुढे होऊन सांगितलं, बाभळीचा काटा होता. बाभळ मी त्याच दिवशी घातली, खरं वाटावं म्हणून. धाकट्याला स्वतःलाही काटाच माहीत होता. तो तर बाभळ दिसली की लांबून जायचा. आम्ही दोघं भाऊ त्या बाभळीवरून हसायचो, फक्त मी कशाला हसतोय ते त्याला ठाऊक नव्हतं.

आणि रिंगणाची नोकरी. तिथे डॉक्टरची तपासणी होती. फॉर्म मी भरला, त्याचं अक्षर वाईट म्हणून. डोळ्याचा, गाठीचा किंवा रक्ताचा कुठला आजार होता काय? खाली ठळक लिहिलं होतं, असल्यास नोंदवणे आवश्यक. मी लिहिलं, डावा डोळा लहानपणी काटा लागून गेला. डॉक्टरांनी शिक्का मारला.

तुझा फोटो आला तेव्हा मला पहिल्या नजरेत कळलं. चोराच्या मनात चांदणं. मी पत्रात सगळं लिहिलं होतं, ते पान फाडलं आणि "सहजच" लिहिलं. आई जाऊन वीस वर्षं झाली, तरी तिची शपथ मोडवेना. वाटलं, तू दाखवशीलच, डॉक्टरला कळेलच, मला सांगावं लागणार नाही. रिंगणाचं पत्र लिहिलं तेव्हाही हेच. मोठा गुन्हा कबूल केला म्हणजे लहान विचारला जाणार नाही. कुठला मोठा तेच मला कळलं नव्हतं.

तुझ्या मुलाचा डोळा वाचवता येत होता आणि मी तो वाचवला नाही. याला माफी नाही, मागतही नाही.

एकच विचारतो. तुझ्या डॉक्टरबाईंना विचारून सांग. मग त्याच्या हाडाचं काय? ते रिंगणानं झालं की नाही?

काका

६ ऑक्टोबर

काका,

मुलगी झाली. चोवीस तारखेला. मी बरी आहे, तीही बरी आहे, ढब्बू तिच्या पाळण्याला धक्के मारतो.

तुमचं पत्र मी त्याच दिवशी डॉक्टरबाईंना नेऊन दाखवलं. त्यामुळे रक्ताची वाट न बघता सगळी तयारी झाली. मुलीचे डोळे तिसऱ्या दिवशी तपासले. डाव्या डोळ्यात, कडेला, मोहरीएवढा एक ठिपका सापडला. तो त्यांनी गोठवून टाकला. आता दर तीन आठवड्यांनी जायचं. डोळा राहील, त्या म्हणाल्या. नजरही राहील. हे तुमच्या पत्रामुळे झालं, आणि ढब्बूचं तुमच्या पत्रामुळेच झालं. दोन्ही एकत्र कसं धरायचं ते मला जमत नाहीये. कधी तुम्हाला मिठी मारावीशी वाटते, कधी तुमचं पत्र फाडावंसं वाटतं. तुमच्यापासून लपवत नाही, झालं एवढं पुरे.

रक्ताचं उत्तर परवा आलं, मुलीचंही. ती चूक ढब्बूत आहे, मुलीत आहे, माझ्यातही आहे. दहातला एखादा सुटतो, तशी मी सुटले. बाबांमध्ये ती चूक कुठून आली ते कुणालाच सांगता यायचं नाही. कदाचित कुणीच काही केलेलं नसेल. ना किरण, ना रसायन, ना पाप. लिहिताना हात चुकतो तसा चुकला. कधी कधी नुसताच चुकतो म्हणे.

आता तुमचा प्रश्न. उत्तर मी त्याच दिवशी विचारून घेतलं होतं. तुम्हाला लिहू की नको यात महिना घालवला. "नाही काका, रिंगणाचा काही संबंध नाही" असं वाक्य तयार होतं. तुम्हाला झोप लागली असती. पण मग तेही काटाच झालं असतं, आणि पुढे मी तो ढब्बूला सांगितला असता, ढब्बूनं त्याच्या मुलांना.

तुम्ही माझ्या सायकलचे दोन्ही ब्रेक बदलायचात, आठवतं? पेशीलाही वाढ थांबवणारे दोन ब्रेक असतात. एक आईकडून, एक बापाकडून. इतरांचा एक तुटला तरी दुसरा असतो. बाबांचा एक जन्मापासून तुटलेला होता, अंगातल्या प्रत्येक पेशीत. उरलेला दुसरा तुटायला निमित्त पुरतं. म्हणून अशा माणसांना किरणांपासून जपतात. मुलीचा तो ठिपका गोठवला, किरणं दिली नाहीत, ते त्यासाठीच. साधा एक्स-रे काढायचा तरी त्या दहादा विचार करतात.

सात मिनिटांनीच झालं असं कुणी म्हणू शकत नाही. रिंगण नसतं तरी कदाचित झालं असतं. या आजारात नंतर हाडांचं तसंही होतं. पण तुम्ही फॉर्मवर गाठ लिहिलं असतंत तर डॉक्टरांनी त्यांना त्या फाटकाच्या आत सोडलं नसतं. तुमचा बिल्ला चुकला ती चूक कुणाच्याही हातून झाली असती, काका. काटा तुमचा होता.

मोठ्या बाई बरोबर बोलायच्या. चूक एकदाच झाली. आजीनं केली, आणि मग मास्तरांनी, तुम्ही, आईनं, मी, सगळ्यांनी ती अगदी शुद्ध अक्षरात उतरवून काढली. मार्चमध्ये मीसुद्धा एक मात्रा चुकवली नाही.

सोबत एक फॉर्म आहे. घराण्याचा इतिहास, दवाखान्यात कायमचा ठेवायचा. मुलांची मुलं आली तरी तो तिथे असेल. बाबांचा रकाना रिकामा सोडलाय. तो बघितलेल्या माणसानं भरायचा असतो. सही करून पाठवा.

आणि थंडी पडायच्या आत इकडे या. मुलगी तुम्हाला बघेल. दोन्ही डोळ्यांनी बघेल.

टिटवी

१५ ऑक्टोबर

टिटवे,

तुझं पत्र उभ्यानं वाचलं आणि मग बसलो. खरं लिहिलंस. माझ्याशी खरं बोलणारं घरात पहिलंच माणूस निघालं, आणि ते वयानं सगळ्यांत लहान.

काल साडेअकराला घंटा वाजली तेव्हा घरात उभा राहिलो नाही. काठी घेऊन फाटकापर्यंत चालत गेलो. कुलूप गंजलंय. आत गवत कमरेएवढं वाढलंय, रिंगणं ओळखू येत नाहीत. बिल्ल्यांची फळी अजून भिंतीला आहे, खिळे रिकामे. मी तिथे उभा राहून धाकट्याला मोठ्यानं सांगितलं की बाबा रे, काटा नव्हता, गाठ होती, आणि मला माहीत होतं. बाभळीला तू उगाच घाबरायचास. त्यानं ऐकलं की नाही ते ठाऊक नाही. मला काही ऐकू आलं नाही. आजही घंटा वाजली. वाजेल, असं दिसतंय.

पुढच्या महिन्यात येतो. बुधवारच्या माणसाला सांगितलंय, गुडघा प्रवासापुरता नीट करून दे.

फॉर्म भरून पाठवतोय. नातं, भाऊ. डावा डोळा, वय अडीच. हाड, वय छत्तीस. किरणांशी संबंध आला होता काय, तिथे होय लिहून खाली सात मिनिटं लिहिली आहेत. भरणाऱ्यानं स्वतः बघितलं काय, तिथेही होय. सही केली.

डोळ्याच्या कारणाच्या रकान्यात थोडी खाडाखोड झाली आहे. आधी सवयीनं "का" लिहिला गेला. तो खोडून पुढे "गाठ" लिहिलं आहे. वाचता येतंय ना, तेवढं कळव.

काका